गोड, दाट आणि रंगहीन : ग्लिसरीन व डायइथिलीन ग्लायकॉल यांचा इतिहास

हा पाठ वाचायला घेण्यापूर्वी घरातल्या तीन वस्तू समोर ठेवा: टूथपेस्टची ट्यूब, खोकल्याच्या औषधाची बाटली आणि थंडीत हातापायांना लावायच्या क्रीमची डबी. तिन्हींवरची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांपैकी एखादे तरी नाव बहुधा सापडेल. ही रसायने रोग बरा करत नाहीत. पेस्ट ट्यूबमध्ये वाळू न देणे, पाण्यात न विरघळणारे औषध विरघळवणे, कडू चव झाकणे, त्वचेवर ओलावा टिकवणे ही त्यांची कामे. औषधनिर्माणशास्त्रात अशा घटकांना सहायक द्रव्ये म्हणतात. औषधांच्या इतिहासात पेनिसिलिन, क्विनीन, इन्सुलिन यांच्यावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. सहायक द्रव्यांना तिथे क्वचितच जागा मिळते. आज आपण ज्या रसायनाचा इतिहास पाहणार आहोत ते तर सहायक द्रव्यसुद्धा नाही. सहायक द्रव्याच्या जागी ते चुकून किंवा लबाडीने येऊन बसते. त्याचे नाव डायइथिलीन ग्लायकॉल.

दोन द्रव, एकच रूप

ग्लिसरीनचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७९ मध्ये लावला. ऑलिव्हचे तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना त्यांना एक गोड, दाट द्रव मिळाला. पुढे तेल आणि चरबीपासून साबण करण्याचे कारखाने वाढले, तसे साबणाचे उपउत्पादन म्हणून ग्लिसरीन भरपूर मिळू लागले आणि औषधवाल्यांनी व प्रसाधनवाल्यांनी ते उचलले. त्याला गोडी आहे, पाण्यात ते हव्या त्या प्रमाणात मिसळते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. टूथपेस्टला आणि क्रीमला नेमके हेच गुण लागतात.

डायइथिलीन ग्लायकॉलची वाट वेगळी आहे. पॅरिसमध्ये शार्ल आडॉल्फ वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत १८५० च्या दशकात ग्लायकॉल या वर्गाचा अभ्यास सुरू झाला. तिथे आगुस्तिन्यो व्हिसेंत लोरेन्सो नावाचे एक तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. ते मूळचे गोव्याचे. गोव्यात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते युरोपात गेले आणि पुढे लिस्बनमध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी १८५९ च्या सुमारास इथिलीन ग्लायकॉलचे रेणू एकापुढे एक जोडून लहानमोठ्या साखळ्या तयार केल्या. या कुळातल्या लांब साखळ्यांना आज आपण पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणतो. बद्धकोष्ठावरची पूड, गोळ्यांवरचा लेप, टूथपेस्ट, मलमे अशा कितीतरी ठिकाणी त्या निर्धोकपणे वापरल्या जातात. त्याच मालिकेत दोनच कड्यांची साखळी म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल. पॉलिमररसायनाच्या आरंभीच्या इतिहासात एका गोवेकराचे नाव आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हे थोडे विषयांतर.

कुळ एक असले तरी शरीरातली गत एक नसते. ग्लिसरीन हा आपल्या शरीरातल्या चरबीचाच एक घटक. यकृत त्याचा वापर साखर बनवण्यासाठी करते. डायइथिलीन ग्लायकॉल यकृतात गेले की मद्यार्काचे विघटन करणारी विकरेच त्याच्यावर काम करतात आणि त्यातून डायग्लायकोलिक आम्ल तयार होते. हे आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये साठत जाते आणि त्या पेशी मरतात. एकदोन दिवस उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होत होत थांबणे, पुढे काही रुग्णांत मज्जातंतूंवर परिणाम, असा तो क्रम असतो. लवकर ओळखले तर फोमेपिझोल हे औषध आणि डायलिसिस यांनी रुग्ण वाचू शकतो. पण लवकर ओळखणेच कठीण जाते. ज्या मुलाला सिरप दिले ते आधीच तापाने किंवा खोकल्याने आजारी असते, म्हणून उलट्या त्या आजाराच्याच खात्यावर मांडल्या जातात. आणि आई डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढचा चमचा पाजत राहते.

दिसायला दोन्ही द्रव सारखेच: रंगहीन, दाट, गोडसर, पाण्यात सहज मिसळणारे. घनतेत फरक आहे. एक लिटर ग्लिसरीन सुमारे १,२६० ग्रॅम भरते, तर डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे १,१२० ग्रॅम. पण मिश्रण केले की तो फरकही पुसट होतो. रंग, ब्रेक ऑइल, रेझिन अशा उद्योगांसाठी पेट्रोलियमपासून मिळणारे हे रसायन औषधी प्रतीच्या ग्लिसरीनपेक्षा स्वस्त पडत आले आहे. पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ या दोन गोष्टींत आहे: सारखे रूप आणि किमतीतला फरक.

१९३७ : रास्पबेरीच्या चवीचे औषध

पहिली मोठी घटना मात्र भेसळीची नव्हती. ती अज्ञानाची होती. गेरहार्ड डोमाग्क यांनी जर्मनीत प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याची जंतुनाशक शक्ती दाखवून दिली आणि १९३५ मध्ये ती जाहीर केली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवले की त्यातला खरा कामाचा भाग म्हणजे सल्फानिलामाइड. हे रसायन १९०८ मध्येच तयार झालेले असल्याने त्यावर कुणाची मक्तेदारी उरली नव्हती. कोणतीही कंपनी ते विकू शकत होती आणि अमेरिकेत अनेक कंपन्या विकू लागल्या.

गोळी आणि पूड होती, पण लहान मुलांना पाजता येईल असे पातळ औषध नव्हते, कारण सल्फानिलामाइड पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये फार थोडे विरघळते. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या एस. ई. मॅसेनगिल कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांच्या लक्षात आले की डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळते. त्यांनी सुमारे ७२ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आणि थोडे पाणी घेतले, त्यात १० टक्के सल्फानिलामाइड घातले, वर रास्पबेरीचा स्वाद मिसळला. कंपनीने रंग, वास आणि चव तपासली. शरीरावर काय परिणाम होतो हे तपासले नाही. कायद्याने ते बंधनकारकही नव्हते. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्यात औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देण्याची अटच नव्हती. सुमारे २४० गॅलन, म्हणजे साधारण ९०० लिटर औषध तयार होऊन देशभर रवाना झाले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून पहिल्या मृत्यूंच्या बातम्या शिकागोला, अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आल्या. पुढचे काही आठवडे अन्न व औषध प्रशासनाचे जवळजवळ सगळे निरीक्षक आणि रसायनज्ञ, २३९ जण, एकेक बाटली शोधत फिरत होते. दुकानांतल्या चिठ्ठ्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या नोंदी चाळून ते रुग्णांच्या घरापर्यंत जात होते. बहुतेक साठा परत मिळाला. जो पोटात गेला त्याने १०० हून अधिक माणसे दगावली, त्यांत ३४ मुले होती.

आता कायद्याची गंमत पाहा, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी. विषारी औषध विकले म्हणून ते जप्त करण्याचा अधिकार प्रशासनाला नव्हता. जप्ती झाली ती नावातल्या चुकीमुळे. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे लिहिले होते आणि औषधशास्त्रात एलिक्झिर म्हणजे अल्कोहोल असलेले द्रावण. यात अल्कोहोल नव्हते, म्हणून लेबल खोटे ठरले. त्याच बाटलीवर ‘द्रावण’ असे लिहिले असते तर जप्तीला कायद्याचा आधार राहिला नसता. कंपनीला दंड झाला तोही चुकीच्या लेबलाबद्दल. वॉटकिन्स यांनी नंतर आत्महत्या केली.

यातून २५ जून १९३८ रोजी अमेरिकेचा नवा अन्न, औषध व प्रसाधन कायदा आला. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे बंधनकारक झाले. कायद्याच्या नावात ‘प्रसाधन’ हा शब्द का आला, याचे कारणही एका रसायनात आहे. त्या दशकात पापण्या काळ्या करण्याचा एक रंग अमेरिकेत विकला जात होता. त्यातल्या पॅराफेनिलीन डायअमाइनने काही स्त्रियांचे डोळे गेले. हेच रसायन आजही केस काळे करायच्या अनेक कलपांमध्ये असते. म्हणून पाकिटावर आधी थोडेसे त्वचेला लावून पाहण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना असते.

आणखी एक धागा इथे सुरू होतो. शिकागो विद्यापीठात प्रा. गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत या औषधाचा प्राण्यांवर काय परिणाम होतो ते तपासण्याचे काम झाले. त्यात फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक विद्यार्थिनी होती. (गाइलिंग यांनी तिला नेमणुकीचे पत्र पाठवले ते नावावरून पुरुष समजून!) लग्नानंतर ती फ्रान्सिस केल्सी झाली. हीच केल्सी १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनात असताना थॅलिडोमाइडच्या अर्जावर सही करायला नकार देत राहिली आणि अमेरिका एका मोठ्या आपत्तीतून वाचली. विषबाधेचे एक प्रकरण जवळून पाहिलेली व्यक्ती सुमारे तेवीस वर्षांनी योग्य खुर्चीवर होती, इतके तरी म्हणता येईल.

भारताचा कायदा आणि मुंबईचे १९८६

भारतात भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारींवरून सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर बऱ्याच काळाने १९४० चा औषध कायदा झाला, १९४५ मध्ये नियम झाले आणि १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनेही त्यात आली. औषधे व प्रसाधने कायदा हे त्याचे आजचे नाव. तुमच्यासमोरची टूथपेस्ट या कायद्याच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे प्रसाधन असते आणि सिरप औषध, पण दोन्ही एकाच कायद्याखाली येतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे टूथपेस्ट परत येणार आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. त्यांचे मूळ आजार वेगवेगळे होते. समान गोष्ट एकच: सर्वांना ग्लिसरीन पाजण्यात आले होते. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन तोंडावाटे देण्याची पद्धत तेव्हा रूढ होती, कारण ते ऊतकांतले पाणी रक्तात ओढून घेते. म्हणजे इथे ग्लिसरीन सहायक द्रव्य नव्हते, तेच औषध होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. १४ रुग्ण दगावले.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९८७ मध्ये आला. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा परिचय करून घ्यावा असे मला वाटते. आयोग रुग्णालयाच्या कपाटापाशी थांबला नाही. तो मागे मागे जात राहिला: रुग्णालयाने माल कुणाकडून घेतला, त्या पुरवठादाराची निवड कशी झाली, औषध प्रशासनाने तपासणी का केली नाही, आणि प्रशासनावर वरून कुणाचा हात होता. निविदा, परवाने आणि मंत्रालय यांचा संबंध वॉर्डातल्या मृत्यूशी कसा जुळतो, ते या अहवालाने उघडपणे मांडले. १९३७ ची टेनेसीमधली घटना आणि १९८६ ची मुंबईतली घटना यांतला फरक इथे स्पष्ट होतो. वॉटकिन्स यांच्या कंपनीने द्रावक विषारी आहे का ते पाहिलेच नाही. मुंबईत हे रसायन विषारी असल्याचे पुस्तकांत येऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती, कायदा होता, प्रशासन होते. पिंपात काय आहे हे मात्र कुणी पाहिले नव्हते.

लेबल बदलत जाते

त्यानंतरच्या घटनांची यादी लांब आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बांगलादेशात पॅरासिटामॉलच्या सिरपने शेकडो मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९५-९६ मध्ये हैतीत तसेच घडले. १९९८ मध्ये दिल्लीशेजारच्या गुरगावात ३६ मुले आजारी पडली आणि त्यांतली ३३ गेली. यांपैकी प्रत्येकीवर स्वतंत्र पाठ होऊ शकेल. इथे मी फक्त पनामाकडे वळतो, कारण माल हातोहात कसा बदलत जातो हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसले.

२००६ मध्ये पनामात सरकारी सामाजिक सुरक्षा संस्थेच्या प्रयोगशाळेने खोकल्याचे औषध बनवले. त्यासाठी वापरलेले ‘ग्लिसरीन’ चीनमधल्या एका कारखान्यात तयार झाले होते. कारखान्याने त्याला ‘टीडी ग्लिसरीन’ असे नाव दिले होते. ‘टीडी’ हे ‘बदली’ अशा अर्थाच्या चिनी शब्दाचे संक्षिप्त रूप. म्हणजे हा बदली माल आहे हे मूळ कागदावर एक प्रकारे लिहिलेलेच होते! माल बीजिंगच्या व्यापारी कंपनीकडे गेला, तिथून बार्सिलोनाला, तिथून पनामाला. वाटेत ‘टीडी’ ही दोन अक्षरे गळाली आणि उरले ते ‘९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन’. प्रत्येक व्यापाऱ्याने आधीच्याचा कागद पाहून पुढचा कागद तयार केला. पिंप उघडून नमुना कुणी घेतला नाही, पनामाच्या प्रयोगशाळेनेही नाही. शंभराहून अधिक माणसे मेली.

आता टूथपेस्ट. मे २००७ मध्ये पनामा सिटीतल्या एका दुकानात एदुआर्दो आरियास या ग्राहकाने स्वस्त टूथपेस्टची ट्यूब उचलून वाचली. घटकांच्या यादीत चक्क ‘डायइथिलीन ग्लायकॉल’ छापलेले होते. आदल्या वर्षीच्या मृत्यूंमुळे तो शब्द पनामात घराघरांत माहीत झाला होता. आरियास यांनी ट्यूब विकत घेतली आणि सरकारी कार्यालयात नेऊन दाखवली. त्यानंतर एकेका देशात तपास सुरू झाला आणि तशाच ट्यूबा अनेक देशांत सापडल्या. अमेरिकेतही सापडल्या आणि जून २००७ मध्ये तिथल्या प्रशासनाने इशारा दिला. चीननेही टूथपेस्टमध्ये हे रसायन वापरण्यावर बंदी घातली. टूथपेस्ट थुंकून टाकायची असते, त्यामुळे सिरपसारखे मृत्युसत्र तिच्यामुळे झाले नाही. पण लहान मुले पेस्ट गिळतात, आणि एखाद्याचे मूत्रपिंड आधीच कमजोर असू शकते.

खोकल्याच्या औषधावरचे लेबल खोटे होते, म्हणून ते तज्ज्ञांच्या हातांतून निसटले. टूथपेस्टवरचे लेबल खरे होते, म्हणून ते एका सामान्य ग्राहकाने पकडले. बंदरावर, गोदामात, दुकानात ते त्याच्या आधीही अनेकांच्या नजरेखालून गेले असणार. वाचले मात्र त्याने.

चाचणी कुठे आहे?

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर विचाराल, ही दोन रसायने वेगळी ओळखायला इतके अवघड आहे का? नाही. पदवीच्या प्रयोगशाळेत तुम्ही पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करता. काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नमुन्याचे थेंब ठेवायचे, द्रावक वर चढू द्यायचे आणि डाग किती उंचीवर येतात ते पाहायचे. त्या पद्धतीने मोठ्या प्रमाणातली भेसळ दिसते. अगदी थोडी भेसळ मोजायची तर वायू क्रोमॅटोग्राफी लागते. पनामानंतर अमेरिकेच्या औषधसंहितेने ग्लिसरीनची ओळख पटवण्याच्या मूळ चाचणीतच ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. याचा अर्थ असा की ही चाचणी झाल्याशिवाय त्या द्रवाला ग्लिसरीन म्हणताच येणार नाही. मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. अशुद्धी किती आहे हा नंतरचा प्रश्न. हे द्रव्य मुळात ते आहे का, हा पहिला.

तरीही २०२२ मध्ये गांबियात किमान ६६ मुलांच्या मृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने ५ ऑक्टोबरला इशारा दिला. त्यातली सिरपे भारतात बनलेली होती. त्या वर्षाअखेरीस उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. १ जून २०२३ पासून भारतातून निर्यात होणारे खोकल्याचे प्रत्येक सिरप सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणे सक्तीचे झाले. नियम निर्यातीसाठी होता. देशातल्या दुकानांसाठी बनणाऱ्या बाटल्या त्याच्या बाहेर राहिल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलांची लघवी थांबू लागली. त्या भागाला मोठे रुग्णालय म्हणून जवळचे शहर नागपूर, त्यामुळे मुले तिथे हलवली गेली आणि अनेकांनी शेवटचा श्वास नागपुरातच घेतला. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. सिरप तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनले होते. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. हा आकडा पुन्हा वाचा. इतक्या प्रमाणासाठी महागडे यंत्र लागत नाही. वर सांगितलेली पट्टी पुरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी सर्व राज्यांना पत्र पाठवले की उत्पादकांनी कच्च्या मालाची आणि तयार औषधाची प्रत्येक तुकडी बाजारात सोडण्यापूर्वी तपासली पाहिजे, हे राज्यांनी पाहावे. कच्च्या मालाची प्रत्येक तुकडी तपासण्याची अट परवान्याच्या नियमांमध्ये आधीपासूनच होती.